समोरच्या रांगेतला माणूस

अमेरिकन फुटबॉलचा सामना पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा एकाच प्रश्नावर अडतो. मैदानाच्या मधोमध समोरासमोर वाकून बसलेली ती धिप्पाड माणसं नेमकं काय करतात? चेंडू त्यांच्या हाती क्वचितच येतो. गुण मिळवणाऱ्यांत त्यांचं नाव सहसा नसतं. दर वेळी ती एकमेकांवर आदळतात, पाच-सहा सेकंदांत सगळं संपतं आणि ती पुन्हा तशीच वाकून बसतात. थोडी माहिती झाली की दुसरा प्रश्न येतो. याच रांगेतल्या ॲरन डोनाल्डला २०१८ साली सहा वर्षांसाठी १३ कोटी ५० लाख डॉलरचा करार मिळाला. गुण मिळवणं ज्याचं कामच नाही, त्याला एवढे पैसे कशाचे?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं डोनाल्डच्या कारकिर्दीतून मिळतात. तो या जागेसाठी बुटका आणि हलका आहे असं जाणकार म्हणत होते, तेव्हापासून त्याच्या नावावर सर्वांत मोठे सन्मान जमा होईपर्यंतचा काळ पाहिला, की या कामाचं मोल कशात आहे ते कळतं.

१. दहा यार्ड, चार संधी

आधी खेळाचा हिशेब समजून घेऊ. मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे सुमारे ९१ मीटर. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार संधी मिळतात. या एका संधीला ‘डाउन’ म्हणतात. चार डाउनमध्ये चेंडू किमान दहा यार्ड पुढे न्यायचा. जमलं तर पुन्हा चार संधी, नाही जमलं तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे.

समजा, पहिल्या डाउनला चेंडू घेऊन पळणारा खेळाडू ३ यार्ड पुढे गेला. उरले ७. दुसऱ्या डाउनला संघाचा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, चेंडू फेकायला मागे सरकला, पण फेकण्याआधीच त्याला आठ यार्ड मागे पाडलं. आता उरले १५. क्वार्टरबॅकला असं चेंडूसकट पाडण्याला ‘सॅक’ म्हणतात. तिसऱ्या डाउनला १५ यार्ड मिळवणं फार अवघड. त्यामुळे लांबची, धोक्याची फेक करावी लागते. ती फसली की चौथ्या डाउनला बहुतेक संघ चेंडू लाथेने दूर पिटाळून देतात. एका सॅकने आठ यार्ड गेले आणि त्यासोबत पूर्ण चाल मोडली. समोरच्या रांगेतला बचावपटू, म्हणजे डिफेन्सिव्ह लाइनमन, हे घडवून आणण्यासाठी तिथे असतो.

२. एकावर दोन

चेंडू असलेल्या संघाचे पाच आडदांड खेळाडू रांगेने आपल्या क्वार्टरबॅकपुढे भिंत धरतात. त्यांच्यासमोर बचावाचे बहुतेक वेळा चार असतात. दोन बाजूंना ‘एंड’, मधे दोन ‘टॅकल’. कडेच्या एंडला वळसा घालून क्वार्टरबॅककडे पोहोचायला मोकळी जागा मिळते. मधल्या टॅकलचं अंतर कमी, पण वाटेत गर्दी फार. डोनाल्ड हा मधला, टॅकल.

क्वार्टरबॅक साधारण अडीच सेकंदांत चेंडू हातावेगळा करतो. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसाला बाजूला सारून त्याच्यापर्यंत जायचं. चेंडू फेकायचा नसून घेऊन पळायचा डाव असेल, तर मात्र पुढे घुसण्याचा मोह आवरून आपल्या वाट्याची फट धरून ठेवायची. दोन्हींपैकी काय होणार आहे ते खेळी सुरू झाल्यावरच कळतं. निर्णयाला सेकंदाचा काही अंश मिळतो.

आता साधं गणित. भिंतीत पाच, हल्ला करणारे चार, म्हणजे भिंतीकडे एक माणूस जास्त. हा जास्तीचा माणूस जोडीदाराबरोबर एकाच बचावपटूला अडवतो. त्याला ‘डबल टीम’ म्हणतात. एखादा बचावपटू इतका घातक असेल की प्रत्येक खेळीत त्याच्यावर दोन माणसं लावावीच लागतात, तर उरतात तिघांवर तीन. मग त्या तिघांना आपल्या समोरच्या एकट्यालाच हरवायचं राहतं. त्यांच्यापैकी एकाने सॅक केला तर आकडा त्याच्या नावावर लागतो. तो घडवला मात्र शेजारी दोघांना अंगावर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. या कामाचं मोल नोंदवहीत पूर्ण कधीच दिसत नाही, असं मला ठामपणे वाटतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

नोंदवहीतून तर आणखीही बरंच निसटलं आहे. सॅक अधिकृतपणे मोजायला १९८२ मध्ये सुरुवात झाली. साठच्या दशकात लॉस एंजेलिस रॅम्सच्या रांगेत डीकन जोन्स नावाचा एंड खेळत होता. १९६१ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत तो चौदाव्या फेरीत, १८६व्या क्रमांकावर घेतलेला. समोरच्याच्या शिरस्त्राणावर तळहाताचा जबर फटका मारून तो घुसायचा. हा फटका पुढे १९७७ मध्ये नियमाने बंद झाला. क्वार्टरबॅकच्या मागे लागणाऱ्यांत त्याचं नाव आजही आदराने घेतात, पण अधिकृत यादीत त्याचा एकही सॅक नाही.

३. घरचं तळघर

ॲरन डोनाल्डचा जन्म २३ मे १९९१ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्ग शहरात झाला. पोलादाचं शहर, आणि फुटबॉलचं कमालीचं वेड. घरच्या तळघरात वडील आर्ची यांनी वजनांची साधनं मांडली होती. मुलगा शाळकरी वयाचा असल्यापासून बाप-लेक पहाटे साडेचारला उठून तिथे व्यायाम करत, मग तो शाळेला जाई. पुढे तो कोट्यधीश झाला तरी त्याच्या दिवसाची ही घडी मोडली नाही.

अमेरिकेत व्यावसायिक खेळाकडे जाणारा रस्ता शाळा आणि विद्यापीठातूनच जातो. शालेय खेळाडूंना जाणकार तारे देतात, पाच तारे म्हणजे सर्वोत्तम. मोठी विद्यापीठं पाच आणि चार ताऱ्यांच्या मुलांमागे धावतात आणि त्यांना शिष्यवृत्ती देऊन बोलावतात. शाळा संपल्यावर तीन वर्षं होईपर्यंत नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, कुणाला घेत नाही, त्यामुळे हा टप्पा टाळता येत नाही. पेन हिल्स हायस्कूलच्या डोनाल्डला तीन तारे मिळाले. तो गावातल्याच पिट्सबर्ग विद्यापीठात गेला.

२०१० साली तो राखीव खेळाडू होता. पुढच्या वर्षी ११ सॅक. चौथ्या आणि शेवटच्या वर्षी, २०१३ मध्ये, पुन्हा ११ सॅक, आणि चेंडूवाल्याला सुरुवातीच्या रेषेच्या मागेच पाडल्याच्या साडेअठ्ठावीस नोंदी. त्या वर्षीच्या जॉर्जिया टेक विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यातली एक खेळी तर खेळाचे अभ्यासक अजून काढून पाहतात. क्वार्टरबॅक आपल्या धावकाच्या हाती चेंडू देत होता. डोनाल्ड इतक्या वेगाने आत आला की चेंडू नेमका कुणाकडे आहे हे पाहत बसण्याऐवजी त्याने दोघांनाही एकदमच खाली पाडलं. नागुर्स्की, बेडनारिक, आउटलँड आणि लोंबार्डी हे चार मोठे पुरस्कार त्या मोसमात त्याला मिळाले.

(नोंदीतला ‘साडे’ कुठून आला? दोघांनी मिळून एकाला पाडलं तर प्रत्येकाला अर्धा मिळतो.)

४. टेपने मोजलेला खेळाडू

विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या मुलांची एनएफएल दर फेब्रुवारीत इंडियानापोलिसमध्ये चाचणी घेते. उंची, वजन, हातांची लांबी, धाव, उडी, सगळं मोजतात. २०१४ साली डोनाल्डची उंची भरली जेमतेम १८५ सेंटिमीटर, वजन २८५ पौंड, म्हणजे १२९ किलो. सामान्य माणसाच्या मानाने अवाढव्य, पण मधल्या टॅकलचं वजन बहुधा १३६ किलोच्या पुढे असतं. लहान चणीचा म्हणून शेरा पडला.

दुसरीकडे त्याने चाळीस यार्ड ४.६८ सेकंदांत धावून दाखवले. चाळीस यार्ड म्हणजे ३६.६ मीटर, म्हणजे सरासरी वेग ताशी २८ किलोमीटर. एवढ्या वजनाचा माणूस उभ्या जागेवरून निघून हा वेग गाठतो! १०२ किलोची सळी त्याने छातीवरून ३५ वेळा वर ढकलली.

उंची कमी असणं खरंच तोट्याचं आहे का? घरातलं जड लोखंडी कपाट सरकवताना ताठ उभं राहून ढकललं तर आपलेच पाय मागे घसरतात. गुडघे वाकवून, खांदा खाली नेऊन पायांच्या जोरावर रेटलं की कपाट हलतं. रांगेतल्या झटापटीतही ज्याचा खांदा खाली, त्याचा जोर समोरच्याच्या छातीखालून वर जातो. वरच्याची टाच उचलली जाते, आणि टाच सुटली की १५० किलो वजन काही कामाचं राहत नाही. उंच माणसाला प्रत्येक वेळी मुद्दाम खाली वाकावं लागतं, बुटका आधीच तिथे असतो. उंचीचा फायदा लांब हातांतून मिळतो, कारण ज्याचे हात आधी पोहोचले तो दुसऱ्याला दूर ठेवू शकतो. म्हणून डोनाल्डने हातांवर अपार मेहनत घेतली. समोरच्याचे हात छातीला टेकण्याआधीच झटकून टाकायचे. चाकूच्या आकाराची बोथट साधनं घेऊन प्रशिक्षक त्याच्यावर वार करतो आहे आणि तो ते हातांनी बाजूला सारतो आहे, असा त्याच्या सरावाचा एक व्हिडिओ खूप गाजला होता.

मग आली निवड, म्हणजे ड्राफ्ट. लीगचे ३२ संघ ठरलेल्या क्रमाने सात फेऱ्यांत नवे खेळाडू उचलतात. साधारणपणे आदल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्याला पहिली पाळी, म्हणजे दुबळ्यांना सावरायची संधी. हे क्रमांक संघांना आपसांत बदलताही येतात. ८ मे २०१४ रोजी सेंट लुइस रॅम्सकडे दोन क्रमांक होते, दुसरा आणि तेरावा. दुसऱ्यावर त्यांनी ग्रेग रॉबिन्सन हा भिंतीतला खेळाडू घेतला. डोनाल्डला तेराव्यावर. ज्या संघाचं नशीब त्याने बदललं, त्या संघालाही तो पहिल्या पाळीत घ्यावासा वाटला नव्हता. निवडणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. टेप आणि घड्याळाने जे मोजता येतं ते त्यांनी नीट मोजलं होतं. पहिल्या पावलाची अचूक वेळ आणि दोन माणसांच्या कचाट्यातून निसटण्याची हातोटी चाचणीच्या मोकळ्या मैदानात दिसत नाही, कारण तिथे समोर अडवायला कुणी नसतं.

५. कराराचं गणित

नवोदितांचे पगार २०११ पासून निवडीच्या क्रमांकाला बांधलेले आहेत. त्याआधी मोकळी घासाघीस चाले. २०१० साली दुसऱ्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या डामुकाँग सू या लाइनमनला एकही सामना खेळण्याआधी चार कोटी डॉलरची हमी मिळाली होती. नव्या नियमात तेराव्या क्रमांकाच्या डोनाल्डला चार वर्षांचे मिळून सुमारे एक कोटी डॉलर मिळाले. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षीही ठरलेल्या दराने ठेवून घेण्याचा हक्क संघाकडे असतो.

पहिल्याच वर्षी ९ सॅक करून तो सर्वोत्कृष्ट नवोदित बचावपटू ठरला. दुसऱ्या वर्षी ११. २०१६ मध्ये संघ सेंट लुइस सोडून लॉस एंजेलिसला परतला. डोनाल्डचा पगार मात्र नवोदिताचाच होता. म्हणून २०१७ मध्ये त्याने सराव शिबिराला जायचंच नाकारलं आणि पहिला सामना सोडला. तरीही त्या मोसमात तो लीगमधला सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला. पुढच्या वर्षीही तो शिबिराला गेला नाही. याला काही जण हावरटपणा म्हणतात. मला ते पटत नाही. खेळाडू संघटनेच्या सांगण्यानुसार एनएफएलमधली सरासरी कारकीर्द साधारण तीन-साडेतीन वर्षांची असते. म्हणजे बहुतेकांची पहिला करार संपण्याआधीच उतरणीला लागते. रांगेतला माणूस दर सामन्यात पन्नास-साठ वेळा आदळतो. एक गुडघा गेला की घासाघीस करायला हातात काही उरत नाही. भाव असेपर्यंतच बोलावं लागतं.

३१ ऑगस्ट २०१८ रोजी तो करार झाला, सहा वर्षं, १३ कोटी ५० लाख. यात खरा आकडा हमीचा, ८ कोटी ७० लाख. एनएफएलचे करार पूर्ण हमीचे नसतात. संघ मधेच खेळाडूला काढू शकतो, आणि काढलं की उरलेल्या ४ कोटी ८० लाखांवर पाणी. तरीही कुठल्याही बचावपटूला मिळालेला तो सर्वांत मोठा करार होता. तो विक्रम एक दिवस टिकला. दुसऱ्याच दिवशी शिकागोने खलील मॅकशी १४ कोटी १० लाखांचा करार केला. मॅक २०१४च्या त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर निवडला गेला होता.

त्या मोसमात डोनाल्डने साडेवीस सॅक केले. दोघांच्या कचाट्यात खेळणाऱ्या मधल्या टॅकलने असा आकडा कधीच गाठला नव्हता. सर्वोत्कृष्ट बचावपटूचा पुरस्कार २०१८ मध्ये पुन्हा आणि २०२० मध्ये तिसऱ्यांदा त्याला मिळाला. तीनदा हा पुरस्कार त्याआधी लॉरेन्स टेलर आणि जे. जे. वॉट या दोघांनीच मिळवला होता.

६. शेवटच्या दोन खेळ्या

१३ फेब्रुवारी २०२२. लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमधलं सोफाय स्टेडियम, मोसमाचा अंतिम सामना, सुपर बोल. रॅम्स २३, सिनसिनाटी बेंगल्स २०. सामना संपायला एक मिनिटही उरलेलं नाही. चेंडू बेंगल्सकडे, मैदानाच्या जवळजवळ मध्यावर. आणखी थोडे यार्ड मिळाले की लाथेने गोल मारून तीन गुण, आणि बरोबरी.

तिसरा डाउन, हवा फक्त एक यार्ड. म्हणजे तीन फूट. बेंगल्सनी चेंडू धावक समाजे पेराइनकडे दिला. डोनाल्डने त्याला पकडून जागच्या जागी थोपवलं. मिळाले शून्य यार्ड.

चौथा डाउन, पुन्हा एकच यार्ड हवा. या वेळी बेंगल्सनी फेकायचं ठरवलं. क्वार्टरबॅक जो बरो मागे सरकला. तिकडे दूरवर त्याचा वेगवान साथीदार जमार चेस त्याच्यावर पहारा करणाऱ्या जेलन रॅम्झीपासून सुटला होता. बरोला एखादा सेकंद जास्त मिळता, तर ती फेक कदाचित सामन्याचा निकाल फिरवून गेली असती. डोनाल्डने तो सेकंद मिळू दिला नाही. समोरच्याला बाजूला टाकून तो आत आला, बरोला धरून त्याने गरकन फिरवलं आणि बरोने तोल जाता जाता चेंडू कसाबसा भिरकावला. तो कुणाच्याच हाती गेला नाही. सामना संपला. डोनाल्ड अनामिकेकडे बोट दाखवत मैदानातून धावत सुटला, विजेत्याला मिळणाऱ्या अंगठीची ती खूण.

गंमत अशी की नोंदवहीत ही खेळी सॅक म्हणून नाही. चेंडू हातातून सुटला होता, म्हणून ती फक्त एक चुकलेली फेक. त्या सामन्यात डोनाल्डचे दोन सॅक झाले, पण विजेतेपद ज्या खेळीवर ठरलं ती त्या दोनांत येत नाही. सामनावीराचा मान चेंडू झेलणाऱ्या कूपर कपला मिळाला, आणि त्याने तो कमावलाच होता. पण दुसऱ्या विभागात दिलेलं गणित समजायला या एका खेळीसारखं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

७. शरीर आणि पुढचे

क्वार्टरबॅकला जोरदार टक्कर बसली की प्रेक्षक श्वास रोखतात. रांगेतली टक्कर मात्र प्रत्येक खेळीत होते आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. पिट्सबर्गच्याच स्टीलर्स संघाचा माइक वेब्स्टर वर्षानुवर्षं भिंतीच्या मधोमध खेळला. २००२ मध्ये तो वारला तेव्हा डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली. वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार तिथे आढळला, आणि त्यातून फुटबॉलच्या जगात मोठा वाद उभा राहिला. डोक्याला एकदाच जबर मार बसणं वेगळं आणि लहान-लहान धक्के हजारो वेळा बसणं वेगळं. रांगेतल्या माणसाच्या वाट्याला दुसरं जास्त येतं.

२०२२ मध्ये डोनाल्डचा करार नव्याने बांधला गेला, आणि क्वार्टरबॅक सोडले तर लीगमध्ये त्याच्याएवढा पगार कुणालाच नव्हता. त्याच मोसमात घोटा दुखावला आणि तो ११ सामनेच खेळू शकला. २०२३ मध्ये ८ सॅक करून तो पुन्हा लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात निवडला गेला, कारकिर्दीत आठव्यांदा. आणि १५ मार्च २०२४ रोजी, ३२व्या वर्षी, त्याने थांबत असल्याचं जाहीर केलं. दहा मोसम, १५४ सामने, १११ सॅक.

त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये रॅम्सनी एकोणिसाव्या क्रमांकावर जॅरेड वर्स आणि एकोणचाळिसाव्यावर ब्रेडन फिस्क हे दोन लाइनमन घेतले. वर्स ऑल्बनी विद्यापीठातून, फिस्क वेस्टर्न मिशिगनमधून, म्हणजे दोघांचीही सुरुवात फारशी नजर न जाणाऱ्या ठिकाणी झालेली. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात ते एकत्र आले. पहिल्या मोसमात फिस्कचे साडेआठ सॅक झाले, वर्सचे साडेचार. सर्वोत्कृष्ट नवोदित बचावपटूचा पुरस्कार वर्सला मिळाला. त्याने क्वार्टरबॅकला किती वेळा घाईला लावलं आणि वाट सोडायला भाग पाडलं, हे मत देणाऱ्यांनी पाहिलं होतं. वर्स पहिल्या फेरीतला असल्यामुळे संघ त्याला पाचव्या वर्षी, म्हणजे २०२८ मध्येही, ठरलेल्या दराने ठेवू शकतो. फिस्क दुसऱ्या फेरीतला. त्याचा पहिला करार २०२७ च्या मोसमाबरोबर संपतो.